रविवार कुणी मागितला?

(डब्लिनमध्ये मराठी कामगारांच्या एका रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं नीट लावून लिहिलंय.)



मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, इतिहासाचा मास्तर नाही. त्यामुळे सनावळ्या पाठ म्हणून दाखवायला मी उभा नाही. मला एक साधा प्रश्न विचारायचाय. आज रविवार आहे, म्हणून आपण सगळे इथं येऊ शकलो. हा रविवार आपल्याला कुणी दिला?

परवा साइटवर चहाच्या वेळी मी हाच प्रश्न तिघांना विचारला. एक म्हणाला, इंग्रजांनी दिला. दुसरा म्हणाला, गोरे लोक चर्चला जातात म्हणून. तिसरा साताऱ्याकडचा शटरिंग सुतार, दुसऱ्या एका ठेकेदाराकडून आलेला. तो म्हणाला, "कुठला रविवार साहेब? मी सलग एकोणीस दिवस कामावर आहे." बाकीचे दोघं हसले. त्याला मात्र आपण काही विशेष सांगितलं असं वाटलंच नव्हतं. परदेशात आलोय तर चार पैसे गाठीला बांधायचे, सुट्टी गावाकडे गेल्यावर, असा त्याचा हिशेब. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा हाच हिशेब असतो, मला माहीत आहे. म्हणूनच आजचा विषय घेतला.

इंग्रजांनी दिला हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. रविवार गोऱ्या साहेबाला होता, कचेरीतल्या कारकुनाला होता. मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला नव्हता. आणि तो माणूस म्हणजे कोण? आपलेच पणजोबा-खापरपणजोबा. रत्नागिरीहून बोटीने आलेले, पुणे-सातारा-नगरकडून घाट उतरून आलेले. गावात शेती पुरेना म्हणून मुंबईला गेले, बायकापोरं गावाला ठेवली, एका खोलीत दहा-बारा जण राहिले, महिन्याला मनिऑर्डर. ओळखीचं वाटतंय ना? आपण तर विमानाने आलो, एवढाच फरक.

तेव्हाची गिरणी उजाडलं की सुरू व्हायची आणि मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचं. विजेचे दिवे आलेले नव्हते, म्हणून निदान सूर्य तरी यंत्र थांबवायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी, आणि मधेच काम सोडलं तर अडकलेला पगार गेलाच. १८८१ साली सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला, तो फक्त लहान मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या पोरांनी दिवसाला नऊ तासच काम करावं, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, असं त्यात होतं. सात वर्षांचं पोर नऊ तास! आणि ही तेव्हाची सुधारणा बरं का. मोठ्या माणसासाठी त्या कायद्यात कामाच्या तासाची एक ओळ नव्हती, आणि बाईसाठीही नव्हती.

इथे आपला माणूस येतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. मूळ घर पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातलं कन्हेरसर. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत नोकरी केली, पोस्टात केली, मग मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक कार्यकर्ते.

मला या माणसाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त भिडलं ते स्टोअरकीपर हे पद. साइटवर काम केलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय. स्टोअरकीपर हा मधला माणूस. मालकाच्या हिशेबाची वही त्याच्या हातात, आणि मजूर सुई-दोऱ्यापासून तेलाच्या डब्यापर्यंत सगळं मागायला त्याच्याच खिडकीशी येणार. कुणाचं बोट गेलं, कुणाचा खाडा मांडला, कुणाचा पगार अडकला, हे त्याला मालकाआधी कळतं. अशा माणसापुढे दोन रस्ते असतात. वही मिटून ठेवायची, नाहीतर वहीत काय आहे ते मोठ्याने वाचायचं. लोखंड्यांनी दुसरा धरला. 'दीनबंधु' नावाचं पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलं होतं. ते बंद पडायला आलं तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं आणि चालवलं. शेतकऱ्याची आणि गिरणी कामगाराची गाऱ्हाणी छापणारं मराठी पत्र, तेही त्या काळात.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची परिस्थिती तपासायला एक कमिशन नेमलं. अशा कमिशनपुढे मालक बोलतात, डॉक्टर बोलतात, इन्स्पेक्टर बोलतात. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो बाहेर उभा असतो. लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळला कामगारांची सभा बोलावली. त्या सभेतून मागण्या ठरल्या, अर्ज लिहिला गेला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे दिले. 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' हे नावही तेव्हाचंच. भारतातली कामगारांची पहिली संघटना म्हणून तिची नोंद आहे.

मागण्या काय होत्या ते ऐका, आणि ऐकताना स्वतःची पे-स्लिप डोळ्यापुढे आणा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. आणि शेवटची मागणी मी आजही वाचतो तेव्हा थांबतो: कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचा अपंग झाला तर पोटापुरतं निवृत्तिवेतन मिळावं.

यातल्या आठवड्याच्या सुट्टीच्या आणि विश्रांतीच्या मागण्या आज इथं आयर्लंडमध्ये कायद्यात आहेत. शेवटची पुरती नाही. इथं स्लॅबवरून पडून पाय मोडला तर मालकावर कायद्याने बंधन आहे ते वर्षाला पाच दिवसांच्या आजारपगाराचं, तेही पगाराच्या सत्तर टक्के आणि वर मर्यादा. नंतर सरकारचा इंज्युरी बेनिफिट, तो ठरावीक रकमेचा. जास्त काही हवं तर करारात असावं लागतं, नाहीतर भरपाईचा दावा लावावा लागतो. बांधकामात पेन्शन आणि आजारपणाच्या योजनेत मालकाने पैसे भरायचे असतात, ते भरतो का हे बघायचं आपल्या हातात आहे. पण 'बरा होईपर्यंत पूर्ण पगार' हे परळच्या माणसाने १८८४ साली मागितलं आणि युरोपातल्या श्रीमंत देशातही ते अजून सरसकट मिळत नाही. आपले लोक कुणाच्या मागे होते असं समजू नका.

लगेच काही झालं नाही. मालक म्हणाले, मजुरालाच सुट्टी नको आहे, त्याचा रोज बुडेल. हे वाक्यही आजचंच वाटतं. सहा वर्षं अर्ज, सभा, 'दीनबंधु'त लेख, पुन्हा अर्ज. रविवारच का, यावर लोखंडे सांगत की रविवार हा खंडोबाचा वार आहे, मजूर जेजुरीचं नाव घेतो त्याच दिवशी त्याला सुट्टी द्या, असं आपल्याकडे सांगतात. आपल्यातल्या चर्चवाल्या मित्राचं उत्तर त्यामुळे फारच तोकडं पडतं.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साल आहे, लक्षात घ्या. बाईने चारचौघांत मोठ्याने बोलायचं नाही असा तो काळ, आणि या दोघी दहा हजारांपुढे बोलल्या. मालकांच्या संघटनेला अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

काही अभ्यासक म्हणतात की ही खरी युनियन नव्हतीच. वर्गणी नाही, नियमांचं पुस्तक नाही, सभासदांची यादी नाही. बरोबर असेल त्यांचं. पण मला विचाराल तर साडेपाच हजार सह्या हीच सभासदांची यादी. अंगठा उठवणाऱ्या माणसाला उद्या मुकादम काढून टाकू शकतो हे माहीत असताना उठवलेला अंगठा आहे तो.

लोखंड्यांबद्दल अजून दोनच गोष्टी, मग पुढे जातो. त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र आणलं आणि विधवांचे केस आम्ही कापणार नाही असा ठराव करून घेतला. विधवेचं दुःख थांबवायला भटजीकडे किंवा सरकारकडे न जाता वस्तरा ज्याच्या हातात त्याच्याकडे जायचं, ही बुद्धी कामगार पुढाऱ्यालाच सुचणार. आणि १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ होती तेव्हा ते गाव सोडून गेले नाहीत, रुग्णांमध्ये राहिले, आणि ९ फेब्रुवारीला प्लेगनेच गेले. पन्नाशीही झाली नव्हती. २००५ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. शाळेत आपल्याला हे कुणी शिकवलं होतं का? मला तरी नाही.

आता रविवार झाला. राहिली वर्षाची सुट्टी, म्हणजे गावी जायची पगारी रजा. तिच्यासाठी मुंबईहून आपल्याला डब्लिनलाच यावं लागतं.

तुमच्यातले बरेच जण रोज लुआसने लिफी नदी ओलांडता. ओ'कॉनेल पुलाच्या शेजारी एक नवा पूल आहे, बस आणि लुआससाठीचा, मार्लबरो स्ट्रीटकडून हॉकिन्स स्ट्रीटकडे जाणारा. खालून बघितलात तर एकाच गाळ्याचा काँक्रीटचा पूल, नदीत मधे खांब नाही. पातळ, देखणा. काम बघून मी एकदा थांबलो आणि पाटी वाचली. रोझी हॅकेट ब्रिज. २० मे २०१४ ला उघडला. ही कोण मंत्र्याची बायको, असं मला वाटलं. ती बिस्किटाच्या कारखान्यात काम करणारी पोर निघाली.

रोझी हॅकेटचा जन्म १८९३ चा, डब्लिनच्या गरीब वस्तीतला. जेकब्ज नावाचा बिस्किटांचा मोठा कारखाना होता, तिथं ती निरोप्याचं काम करायची. १९११ च्या ऑगस्टमध्ये कारखान्यातल्या पुरुषांनी संप केला. रोझी अठरा वर्षांची. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी कारखान्यातल्या तीन हजार बायकांना पुरुषांच्या बाजूने बाहेर काढलं. पुरुषांना पगारवाढ मिळाली, आणि दोन आठवड्यांत बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, आयरिश विमेन वर्कर्स युनियन. तिची सेक्रेटरी डेलिया लार्किन. तिचा भाऊ जिम लार्किन म्हणजे ओ'कॉनेल स्ट्रीटवर दोन्ही हात वर करून उभा असलेला पुतळा. त्याच्या खाली उभं राहून आपण फोटो काढतो.

दोन वर्षांनी, १९१३ च्या ऑगस्टमध्ये, डब्लिनच्या मालकांनी ठरवलं की युनियन मोडायची. कामगारांपुढे कागद ठेवला: मी लार्किनच्या युनियनमध्ये नाही आणि जाणार नाही, सही कर, नाहीतर दार बंद. वीस हजार माणसांनी सही केली नाही. सगळ्यांना बाहेर काढलं. पाच महिने चाललं. इंग्लंडच्या कामगारांनी जहाज भरून अन्न पाठवलं. तरीही जानेवारी १९१४ मध्ये लोक हरून, उपाशीपोटी परत कामावर गेले. रोझीची जेकब्जमधली नोकरी गेली ती कायमची.

त्याच दिवसांतली एक गोष्ट बांधकामवाला म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ सप्टेंबर १९१३ च्या रात्री चर्च स्ट्रीटवर दोन जुन्या भाड्याच्या इमारती कोसळल्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब. सात माणसं मेली. त्यात युजीन सॅमन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. तोही जेकब्जमधला, टाळेबंदीत काम गेलेला. त्याने आपल्या भावंडांना बाहेर काढलं आणि धाकट्या बहिणीसाठी पुन्हा आत गेला. दोघंही गेले. आजही कुणी मला म्हणतं की एका घरात चौदा जण राहतो, भाडं वाचतं, तेव्हा मला चर्च स्ट्रीट आठवतो.

आणखी एक गंमत. त्याच १९१३ साली एक तेलुगू मुलगा कायदा शिकायला डब्लिनला आला होता. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर सरकारने त्याला देश सोडायला लावला. तो भारतात परतला आणि रेल्वे कामगारांचा पुढारी झाला. व्ही. व्ही. गिरी, आपले राष्ट्रपती. ज्या शहरात आपण मान खाली घालून चालतो तिथून एक कामगार पुढारी राष्ट्रपती भवनात गेलाय.

रोझी हरून घरी बसली नाही. छपाईचं काम शिकली. १९१६ साली लिबर्टी हॉलमध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला गेला, त्या कामात ती होती. उठावात जखमींना मदत केली, तुरुंगात गेली. नंतर उरलेलं आयुष्य तिने काय केलं? युनियनचं एक छोटं दुकान होतं ईडन की वर, तंबाखू-सिगारेटचं. ते चाळीस वर्षं चालवलं. पेपरात नाव नाही, पद नाही. येणारा-जाणारा कामगार तिथं थांबायचा, बोलायचा. १९७६ साली ती गेली.

पण तिने जी युनियन उभी करायला हात लावला होता, त्या युनियनने १९४५ साली जे केलं ते आपल्या रजेचं मूळ आहे. तेव्हा आयर्लंडमध्ये १९३९ च्या कायद्याने वर्षाला फक्त एक आठवडा पगारी रजा होती. डब्लिनच्या लाँड्र्यांमध्ये दीड हजार बायका काम करायच्या. वाफ, उकळतं पाणी, ओले कपडे, सगळा दिवस उभं. त्यांनी पंधरा दिवसांची रजा मागितली. मालक म्हणाले, परवडणार नाही. २१ जुलैला त्या बाहेर पडल्या आणि तब्बल चौदा आठवडे बाहेर राहिल्या. शहरात हॉटेलांच्या चादरी धुवायला माणूस मिळेना. (कॉन्व्हेंटच्या लाँड्र्याही होत्या, तिथं कोंडून ठेवलेल्या मुलींकडून बिनपगारी धुवून घेत. तो या देशाचा वेगळा काळा धडा आहे.) ऑक्टोबरच्या शेवटी मालक नमले. पंधरा दिवस मिळाले. मग १९६१ च्या कायद्याने सगळ्यांनाच दोन आठवडे, १९७३ ला तीन, १९९७ च्या कायद्याने चार.

म्हणजे तुम्ही गणपतीला चार आठवडे गावी जाता ना, त्यातला दुसरा आठवडा त्या धोबिणींचा आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं त्यांचं त्यांच्या देशात. आपण पाहुणे, आपण परमिटवर. म्हणून परक्या कामगारांच्या दोन गोष्टी सांगतो, त्या इथल्याच आणि अलीकडच्या.

फेब्रुवारी २००५. गामा नावाची तुर्की कंपनी इथं रस्ते, घरं, वीज केंद्र बांधत होती. कामगार तुर्कस्तानातून आणलेले, राहायला कंपनीच्याच खोल्या. जो हिगिन्स नावाच्या खासदाराने इथल्या संसदेत उठून सांगितलं की या माणसांना तासाला दोन-तीन युरो मिळतायत. तेव्हा इथलं किमान वेतन तासाला सात युरो होतं, बांधकामाचा दर त्याहून बराच वर. कंपनीने आरोप नाकारले. मग बाहेर आलं की कामगारांच्या नावाने ॲम्स्टरडॅमच्या एका बँकेत खाती होती आणि कितीतरी जणांना स्वतःच्याच खात्याचा पत्ता नव्हता. न कळणाऱ्या कागदांवर सह्या घेतलेल्या. या माणसांनी काम थांबवलं, डब्लिनच्या रस्त्यावर मोर्चा काढला, आठवडेच्या आठवडे बसून राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेवटी ते खात्यांतले पैसे त्यांच्या हातात आले आणि सरकारला कामगार निरीक्षक वाढवावे लागले. पुढच्या वेळी साइटवर निरीक्षक आला तर त्याच्यामागे ते तुर्की गवंडी उभे आहेत असं समजा.

दुसरा एक पाकिस्तानी आचारी. एका रेस्टॉरंटमध्ये नातेवाइकाकडेच कामाला. आठवड्याला सत्त्याहत्तर तास, सातही दिवस, नाताळ सोडून सुट्टी नाही, असं त्याने सांगितलं. मालकाने त्याचं परमिट पुढे वाढवलंच नाही. तक्रार केली, त्याच्या बाजूने निकाल लागला, नव्वद हजार युरोंच्या वर देणं ठरलं. मग २०१२ साली हायकोर्ट म्हणालं की परमिट नाही म्हणजे करारच बेकायदा, कामगार कायदा त्याला लागू नाही. पण निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनीच हे संसदेच्या कानावर घातलं. २०१४ ला कायदा बदलला. आता परमिट नसलेल्यालाही कामाचे पैसे मागता येतात, मात्र आपल्या बाजूने शक्य ते केलं होतं हे दाखवावं लागतं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने त्या आचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. नातेवाइकाकडे काम करतोय, तो कसा फसवेल, असं म्हणणारे इथं किती जण आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे.

तर आता त्या शटरिंग सुताराच्या एकोणीस दिवसांकडे येऊ. १९९७ च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत सलग चोवीस तास सुट्टी मिळायला हवी. एका आठवड्यात नाही दिली तर पुढच्या आठवड्यात दोन द्यायच्या. करारात वेगळं लिहिलं नसेल तर ती रविवारीच. रविवारी काम घेतलं तर त्याचं जास्तीचं काहीतरी द्यावं लागतं. दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांचं अंतर. सहा तासांहून जास्त कामाला अर्धा तास विश्रांती, म्हणजे पुन्हा लोखंड्यांचा अर्धा तास. आठवड्याचे सरासरी अठ्ठेचाळीस तास, त्यावर नाही. आणि रजेबद्दल एक गोष्ट नीट ऐका: नोकरी चालू असताना रजेच्या बदल्यात पैसे देऊन रजा मिटवता येत नाही. "रजा घेऊ नको, पैसे घे" असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी ते कायद्यात बसत नाही. पैसे फक्त नोकरी सोडताना, उरलेल्या रजेचे. पूर्ण वेळ काम नसेल तर केलेल्या तासांच्या आठ टक्के, हा हिशेब मोबाइलवरही होतो.

पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही. तो मागू शकत नाही, ठेवू शकत नाही, आणि भरतीचा खर्च पगारातून कापू शकत नाही. परमिट कायदा तसं सांगतो. आखातातून आलेल्यांना हे खरं वाटत नाही, पण खरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून नऊ महिन्यांनंतर त्याच प्रकारच्या कामात मालक बदलायला अर्ज करता येतो. म्हणजे परमिट एका माणसाच्या मुठीत जन्मभर नाही. तक्रार वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे, आणि ती सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात "मला कळलं नाही" म्हणून गेलात तर सबळ कारण दाखवावं लागतं. वकील लागत नाही, फी लागत नाही. भाषेची अडचण असेल तर डब्लिनमध्ये मायग्रंट राइट्स सेंटर आहे, सिप्टू युनियन आहे. सिप्टूचं ऑफिस लिबर्टी हॉलमध्ये, रोझीच्या पुलावरून दिसतं.

आणि एक वही ठेवा. चाळीस पानी, बारकी. तारीख, साइट, किती वाजता आलो, किती वाजता गेलो, जेवायला किती वेळ मिळाला. मालकाने तीन वर्षं कामाच्या वेळांची नोंद ठेवायची असते, पण त्याची वही त्याच्याकडे असते. तुमची तुमच्याकडे असू द्या. मी स्वतः हजेरी लिहितो, म्हणून सांगतोय. कागदावर जे नाही ते सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, मलासुद्धा नाही.

त्या सुताराला मी आज इथं बोलावलं होतं. तो आलेला नाही, कामावर आहे. म्हणजे आज विसावा-एकविसावा दिवस असेल. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी सोबत या.

ज्यांनी पे-स्लिपा आणल्यात त्यांनी डावीकडच्या टेबलावर या, आपण एकेक बघू. ज्यांच्याकडे पे-स्लिपच नाही त्यांनी आधी या. चहा केलेला आहे, हॉल साडेचारला रिकामा करून द्यायचाय.